शिवीचा सातबारा

जानेवारी १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत स्थानिक मंडळांच्या कायद्यात दुरुस्ती सुचविणारे एक विधेयक चर्चेस आले. असल्या विधेयकांच्या वाट्याला सहसा सभासदांच्या जांभयाच येतात. परंतु या मसुद्यात अस्पृश्य जातींचा निर्देश ‘हरिजन’ या नावाने केलेला होता, आणि स्वतंत्र मजूर पक्षाचे सभासद भाऊराव गायकवाड, ज्यांना पुढे महाराष्ट्राने दादासाहेब म्हणून ओळखले, त्यांनी हे नाव आम्हांस नको अशी स्वच्छ हरकत घेतली. काँग्रेसचे मंत्रिमंडळ बहुमतात होते. ज्यांना नाव द्यावयाचे तेच नको म्हणत असतानाही ते कायम ठेवण्याचा आग्रह सरकारपक्षाने सोडला नाही, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या सहकाऱ्यांसह सभागृहातून उठून गेले.

सरकारपक्षाच्या हेतूविषयी संशय घेण्याचे येथे काही कारण नाही. गांधीजींनी १९३३ मध्ये ज्या साप्ताहिकाला हे नाव दिले ते अस्पृश्यतानिवारणाच्या कार्यासाठीच दिले होते, आणि देवाची माणसे या अर्थाच्या शब्दात अपमानास जागा कोठे, असे त्या बाकांवरील सज्जनांस मनापासून वाटले असणार. तथापि पुढचा इतिहास असा की, १९८२ साली केंद्र सरकारने जातीच्या दाखल्यांवर हा शब्द लिहू नये असे राज्यांना कळविले, आणि २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने एका फौजदारी प्रकरणात असे नमूद केले की हा शब्द आता पुष्कळदा तुच्छतेने, हिणविण्यासाठी वापरला जातो. ज्या शब्दाचा जन्म करुणेतून झाला तो शब्द आठ दशकांत फिर्यादीच्या अर्जात येऊन बसला. याच काळात नेमका उलट दिशेचा प्रवास करणारे शब्दही मराठीत निघाले. जे वेशीबाहेर फेकून मारले जात होते ते उचलून माणसांनी पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर लावले. आज दूरध्वनीच्या पडद्यावर, टिप्पण्यांच्या आणि प्रतिटिप्पण्यांच्या गदारोळात, ‘माझा तसा हेतू नव्हता’ आणि ‘तेच लोक स्वतःला तसे म्हणवून घेतात, मग आम्ही म्हटले तर काय बिघडले’ ही दोन वाक्ये रोज उठून ऐकू येतात. त्या दोन्ही वाक्यांची तपासणी या उलटसुलट प्रवासाच्या आधारे करावी, असा या लेखाचा उद्देश आहे.

जमिनीच्या सातबाऱ्यावर कब्जेदाराचे नाव एक आणि प्रत्यक्ष कसणाऱ्याचे दुसरे, असा प्रकार कूळकायद्यापूर्वी गावोगाव होता. शिवीचेही तसेच असते. ती घडवितो एक, आणि पिढ्यान्‌पिढ्या अंगावर वागवितो दुसरा. कसेल त्याची जमीन हे तत्त्व आपण कायद्याने मान्य केले; सोसेल त्याचा शब्द हे तत्त्व मात्र अजून आपल्या नीट पचनी पडलेले दिसत नाही.

या दप्तरातील जुने फेरफार पाहू लागलो तर चौदाव्या शतकापर्यंत जावे लागते. चोखोबांनी आपली जात अभंगातून देवासमोर उच्चारली. परंतु त्या उच्चारात गाऱ्हाण्याचा स्वर अधिक आहे, आणि देवाने ते ऐकले तरी बडव्यांनी ऐकल्याचा पुरावा नाही. गाऱ्हाण्याचे रूपांतर दाव्यात केले ते जोतीराव फुले यांनी. १८७३ च्या ‘गुलामगिरी’त त्यांनी ‘महार’ या नावाची फोड ‘महाअरि’, म्हणजे आर्यांचा महान शत्रू, अशी करून दाखविली. भाषाशास्त्र्यांना ही व्युत्पत्ती मान्य होणार नाही, आणि त्यांच्या दृष्टीने ते रास्तही आहे. पण जोतीराव व्युत्पत्तीचा पाठ देत नव्हते. ज्या नावाने माणसाची मान खाली जात होती त्याच नावाने ती वर व्हावी अशी नवी नोंद ते करीत होते. प्रतिपक्षाला उद्देशून ‘भट’ हा शब्द ज्या धारेने त्यांनी आणि त्यांच्या अनुयायांनी वापरला त्यावर पुष्कळ रोष झाला आणि अद्यापि होतो. दोन्ही शब्द समान तोलाचे आहेत असे मला वाटत नाही, कारण भट म्हटल्यामुळे कोणाला पाणवठ्यावरून हाकलल्याचे ऐकिवात नाही. तरीही १९४८ साली गांधीहत्येनंतर महाराष्ट्रात ब्राह्मणांची घरे जळाली, ही गोष्ट त्याच पानावर लिहिली पाहिजे. शब्दाचे वजन काळ आणि प्रसंग यांनी बदलते, आणि एका बाजूच्या इतिहासाने दुसऱ्या बाजूचा जळका वासा झाकून जात नाही.

खरी उलथापालथ झाली ती १९७० च्या आगेमागे. २९ मे १९७२ रोजी मुंबईत दलित पँथरची स्थापना झाली. नावाचा दुसरा अर्धा भाग अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या चळवळीकडून आला होता, आणि पहिला अर्धा, चिरडलेला, तुडविलेला या अर्थाचा, येथल्याच मातीतला. हा शब्द शिवी नव्हता. पण तो करुणेचाही उरू नये याची काळजी नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार आणि त्यांच्या सोबत्यांनी घेतली. त्याच वर्षी ढसाळांचा ‘गोलपिठा’ प्रसिद्ध झाला. सभ्य मुंबईकर ज्या वस्तीचे नाव घेताना आवाज खाली आणीत असे, तेच नाव संग्रहाच्या शिरोभागी होते, आणि आत मराठी काव्यरसिकाच्या कानाने कधी न ऐकलेल्या शब्दांची रास. प्रस्तावना लिहिणारे विजय तेंडुलकर हे काही भाबडे गृहस्थ नव्हेत; पण त्यांनाही शब्दांचे अर्थ कवीलाच विचारावे लागले. मला या घटनेत फार मोठा अर्थ दिसतो. जो मध्यमवर्गीय लेखक आजवर शब्दकोशाचा मालक म्हणून वावरत होता तो प्रथमच विद्यार्थ्याच्या बाकावर बसला, आणि आपण विद्यार्थी आहोत हे त्याने छापून कबूल केले.

त्यानंतरच्या दोन दशकांत मराठीत जी आत्मकथने आली त्यांच्या नुसत्या शीर्षकांकडे पाहिले तरी आमच्या विषयाचा गाभा हाती लागतो. दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८ चे. त्या नावात शिवी नाही, गावगाड्याचा हिशेब आहे. परंतु १९८० मध्ये लक्ष्मण माने यांनी आपल्या पुस्तकाला ‘उपरा’ हे नाव दिले, १९८४ मध्ये शरणकुमार लिंबाळे यांनी ‘अक्करमाशी’, १९८७ मध्ये लक्ष्मण गायकवाड यांनी ‘उचल्या’ आणि १९९४ मध्ये किशोर शांताबाई काळे यांनी ‘कोल्हाट्याचं पोर’. ज्या हाकेला लहानपणी ओ द्यावी लागली, ज्या हाकेने वर्गात, पंगतीत, चावडीवर अंग आक्रसून घ्यावे लागले, तीच हाक या लेखकांनी आपल्या नावाच्या वर ठळक अक्षरांत छापविली.

‘अक्करमाशी’ची गोष्ट जरा थांबून पाहण्यासारखी आहे. सोन्याचा तोळा बारा माशांचा. अकरा माशांचा तो अक्करमाशा, म्हणजे कसाला न उतरणारा, हिणकस. विवाहबाह्य संबंधातून जन्मलेल्या मुलासाठी हा शब्द सराफाच्या काट्यावरून उचलून गावाने वापरात आणला. लिंबाळे यांची आई महार, वडील लिंगायत पाटील. आईची जात वडिलांच्या वाड्यात चालेना आणि वडिलांचे रक्त आईच्या वस्तीत खपेना. या अवस्थेचे वर्णन करण्यास मराठीत एकही आदराचा शब्द नव्हता, हे ध्यानात घेतले म्हणजे शीर्षकाची अपरिहार्यता कळते. त्यांच्यापुढे सभ्य शब्द आणि असभ्य शब्द अशी निवडच नव्हती. असभ्य शब्द किंवा मौन एवढीच होती. पंचविशीच्या आसपासच्या त्या लेखकाने मौन नाकारले. त्याच लेखकाला पुढे ‘सनातन’ या कादंबरीसाठी २०२० चा सरस्वती सन्मान मिळाला, म्हणजे काट्यावरचे वजन कोणी कमी केले होते याचा उलगडा अखेर झाला.

‘उचल्या’ची मालकी तर सरळ सरकारदरबारातून आलेली. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने मुलाला पाळण्यातच गुन्हेगार ठरविले. पोलिसांत हजेरी, गावाबाहेर पाऊल टाकावयाचे तर परवाना, आणि दप्तरात जमातीच्या नावापुढे कायमचा शेरा. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा रद्द झाला आणि या जमाती ‘विमुक्त’ म्हणविल्या गेल्या. पण सरकारने शब्द बदलला तरी फौजदाराच्या आणि शेजाऱ्याच्या तोंडातील शब्द बदलला नव्हता. गायकवाडांनी पोलिसी दप्तरातला तो शेरा आपल्याच हाताने पुस्तकावर मारला, आणि १९८८ मध्ये साहित्य अकादमीने त्या पुस्तकाला पुरस्कार दिला. तेव्हापासून ‘उचल्या’ हा शब्द ग्रंथालयात मागणाऱ्याच्या मनात अपमानाचा लवलेश नसतो. मात्र एखाद्या एस्‌टी स्थानकावर पाकीट हरवल्यावर तोच शब्द त्याच जमातीच्या एखाद्या पोराकडे बोट दाखवून उच्चारला, तर पुस्तकाने केलेला फेरफार तेथे लागू होत नाही. एकच शब्द, एकच लिपी, एकच उच्चार. फरक पडतो तो कोण, कोणाला, कोणाच्या देखत म्हणतो यात.

नागराज मंजुळे यांनी ‘फँड्री’मध्ये हीच गोष्ट पडद्यावर दाखविली. कैकाडी बोलीत डुकराला असलेला हा शब्द घरात बोलला जातो तेव्हा तो केवळ एक नाम असतो. तोच शब्द डुकरे पकडणाऱ्या जब्याच्या पाठीमागे गावातली पोरे ओरडू लागतात तेव्हा तो दगड होतो, आणि चित्रपटाच्या अखेरीस जब्याने भिरकावलेला दगड थेट प्रेक्षकाच्या दिशेने येतो. चित्रपटगृहातून बाहेर पडताना पुष्कळांनी शीर्षकाचा अर्थ विचारला असेल. तो ज्यांना ठाऊक नव्हता त्यांनीच तो शब्द पुढे काही दिवस कौतुकाने उच्चारला.

येथवरच्या विवेचनावरून कोणास असे वाटेल की, ज्या समाजाने शब्द उचलला त्या समाजात तरी त्याविषयी एकमत असते. तसे मुळीच नाही. ज्या राजा ढाले यांनी पँथर उभी केली त्यांनीच पुढे ‘दलित’ या शब्दाला विरोध केला. धर्मांतर करून जो बौद्ध झाला त्याने स्वतःला तुडविलेला का म्हणवून घ्यावे, हा त्यांचा बिनतोड सवाल होता. यशवंत मनोहरांसारखे लेखक आंबेडकरवादी साहित्य हेच नाव योग्य मानतात. हा वाद घरातला होता तोवर तो जिवंत होता. परंतु २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढील एका जनहित याचिकेनंतर माहिती व नभोवाणी मंत्रालयाने खासगी दूरचित्रवाहिन्यांना ‘दलित’ऐवजी ‘अनुसूचित जाती’ असे म्हणण्याची सूचना पाठविली, आणि घरातल्या वादात हुकूमनामा येऊन पडला. याचिका करणारा कार्यकर्ता त्याच समाजातील होता, विरोध करणारेही त्याच समाजातील होते. माझे मत असे की, शब्दाविषयी समाजाने आपसांत भांडावे. सरकारने त्यात पंच होऊ नये. ‘अनुसूचित जाती’ हे नाव दाखल्यावर शोभते; मोर्च्याच्या फलकावर कोणी ते लिहिणार नाही. गावातील वस्त्यांना लागलेली जातिवाचक नावे काढून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावे देण्याचा निर्णय महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला तो मात्र मला मान्य आहे, कारण पाटी ही सर्वांच्या डोळ्यांसमोर असते आणि टपालाच्या पत्त्यावर जात लिहिण्याची सक्ती कोणावरही असू नये.

आता हेतूचा मुद्दा. अनुसूचित जाती व जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा. २०१५ च्या दुरुस्तीनंतर त्याच्या तिसऱ्या कलमात, लोकांच्या दृष्टिपथात असलेल्या ठिकाणी पाणउतारा करण्याच्या इराद्याने केलेला अपमान आणि जातीचे नाव घेऊन केलेली शिवीगाळ, असे दोन अपराध स्वतंत्रपणे सांगितलेले आहेत. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे स्वर्ण सिंह यांचे प्रकरण आले. दिल्लीतील एका घराच्या फाटकापाशी उभ्या केलेल्या मोटारीजवळ एका माणसाला त्याच्या जातीचे नाव घेऊन हिणविल्याची फिर्याद होती. चांभार हे एका जातीचे अधिकृत नाव आहे, ते उच्चारण्यात अपमान कसला, असा बचाव अशा प्रकरणांत हमखास केला जातो. न्यायालयाने सांगितले की शब्दाचा मूळचा अर्थ येथे पाहावयाचा नसतो, लोकव्यवहारात आज तो कोणत्या अर्थाने चालतो ते पाहावयाचे. आणि फाटक रस्त्यावरून दिसते, सबब ते लोकांच्या दृष्टिपथात आहे. उलट २०२० च्या हितेश वर्मा प्रकरणात, घराच्या चार भिंतींच्या आत, बाहेरचे कोणी हजर नसताना घडलेल्या बोलाचालीस हे कलम लागू केले गेले नाही.

चार भिंती आणि फाटक यांचा हा हिशेब दूरध्वनीच्या पडद्याने मोडून टाकला. तेथे भिंत कोणती आणि रस्ता कोणता? २०२२ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने एका यूट्यूब चित्रफितीच्या प्रकरणात अटकपूर्व जामीन नाकारताना असे मत दिले की, आंतरजालावर ठेवलेला मजकूर जो कोणी जेव्हा जेव्हा पाहतो तेव्हा तेव्हा तो अपमानाच्या जागी हजरच आहे असे समजले पाहिजे. फाटकापाशी उच्चारलेली शिवी हवेत विरते. पडद्यावरची शिवी प्रत्येक नव्या डोळ्यापुढे पुन्हा उच्चारली जाते.

‘तसा हेतू नव्हता’ या वाक्याचा एक ठळक नमुना २०२० चा आहे. युवराज सिंह या नामवंत क्रिकेटपटूने रोहित शर्माशी इन्स्टाग्रामवर गप्पा मारताना संघातील एका सहकाऱ्याच्या गमतीदार चित्रफितींना उद्देशून सफाईकाम करणाऱ्या जातीचे नाव हसत हसत वापरले. पुढे ती फीत सर्वत्र पसरली, त्याने आपल्या बोलण्याचा गैरअर्थ घेतला गेल्याचे सांगून खेद व्यक्त केला, आणि हरियाणातील हांसी येथे त्याच्यावर गुन्हा नोंदविला गेला. पुढच्याच वर्षी दूरचित्रवाणीवरील एका अभिनेत्रीने, आपण चित्रफितीत वाईट दिसू नये म्हणून नटणार आहोत हे सांगताना, त्याच जातीचे नाव कुरूपतेचा पर्याय म्हणून घेतले आणि मागाहून शब्दाचा अर्थ ठाऊक नव्हता असे सांगून माफी मागितली. दोघांच्याही मनात त्या जातीविषयी सक्रिय वैर असेल असे मला वाटत नाही, आणि माझ्या मते गोष्टीचे गांभीर्य नेमके तेथेच आहे. वैर असते तर त्या माणसापुरते असते. वैरावाचून, विचारावाचून, विनोदाच्या ओघात जेव्हा एखाद्या जातीचे नाव घाण या अर्थाने जिभेवर येते, तेव्हा ते बोलणाऱ्याच्या अंतःकरणातून येत नसून समाजाच्या सामाईक कोठारातून येत असते.

मराठी माणसाने यावर नाक वर करण्याचे कारण नाही. आपल्या घराघरांत ‘चांभारचौकशा’ चालतात, भांडकुदळ बाईला कैकाडीण म्हटले जाते, आणि केस न विंचरता बाहेर निघालेल्या मुलाला पारध्यासारखा दिसतोस असे त्याची आईच म्हणते. जातिनामाला ‘डा’ किंवा ‘गा’ हा प्रत्यय लावून त्याची शिवी करण्याची सोय आपल्या व्याकरणातच जणू केलेली आहे. तो प्रत्यय उच्चारताना जीभ कशी झटकली जाते ते पाहिले म्हणजे हेतू सिद्ध करण्यास साक्षीदार लागू नये. अशा प्रत्येक वाक्प्रचारासाठी फौजदाराकडे धाव घ्यावी असे मी म्हणत नाही. परंतु कोणी निदर्शनास आणून दिल्यावर ‘हेतू नव्हता’ हे उत्तर पुरेसे समजणे म्हणजे, दुसऱ्याच्या पायावर उभे राहून आपण खाली पाहिलेच नव्हते असे सांगणे होय. पाय काढला की नाही, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

दुसऱ्या वाक्याचे, ‘ते स्वतःला म्हणवून घेतात मग आम्ही का नको’ या सवालाचे, उत्तर गंमत म्हणजे कायद्यानेच आधी देऊन ठेवले आहे. अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे तिसरे कलम सुरूच होते ते अपराधी हा स्वतः अनुसूचित जातीचा वा जमातीचा नसला पाहिजे या अटीने. शब्द तोच असला तरी बोलणारा कोण यावर अपराध ठरतो, हे तत्त्व आपल्या संसदेने १९८९ सालीच लिहून ठेवले. पंजाबातील गिन्नी माही ही गायिका आपल्या जातीचे नाव ‘डेंजर’ या विशेषणासह गाण्यात घेते आणि हजारोंचा समुदाय टाळ्या वाजवितो. तेच शब्द दुसऱ्या कोणी तिच्याकडे पाहून म्हटले तर टाळ्या वाजणार नाहीत. मात्र या अटीलाही एक कंगोरा आहे. एका अनुसूचित जातीच्या माणसाने दुसऱ्या अनुसूचित जातीच्या माणसाला जातीवरून हिणविले तर हे कलम त्याला पोहोचत नाही, आणि आपल्याकडील वाड्यावस्त्यांत असे घडतच नाही असे म्हणण्याचे धाडस जाणकार करणार नाही. जो शब्द मातंगाने सोसला त्याची मालकी केवळ शेजारी राहिल्याने बौद्धाकडे येत नाही, आणि बौद्धाच्या शब्दाची मातंगाकडे जात नाही.

एखाद्या लोकप्रिय भीमगीताच्या चित्रफितीखालील टिप्पण्या सावकाश वाचाव्यात. वरच्या भागात निळ्या हृदयांच्या रांगा आणि ‘कडक जय भीम’चा गजर असतो, तरुण मुले आपल्या वस्तीचे, तालुक्याचे नाव लिहून हजेरी लावतात. थोडे खाली उतरले की ‘सरकारी जावई’ येतो, फुकटेपणाचा टोमणा येतो, गुणवत्तेविषयीचा साळसूद प्रश्न येतो. यांतला एकही शब्द शिव्यांच्या कोणत्याही यादीत सापडणार नाही, आणि तरी अपमान करण्याच्या कामात प्रत्येक शब्द तरबेज आहे. आणखी खाली खरोखरीची शिवी असते, पण ती रोमन अक्षरांत, मध्ये टिंब किंवा आकडा घालून, यंत्राच्या हाती लागू नये अशा खुबीने लिहिलेली. उत्तरादाखल एखादा तरुण तोच शब्द आपल्या नावापुढे लावून, होय मी तोच, असे ठणकावतो. तो मात्र सरळ देवनागरीत लिहितो, कारण त्याला लपविण्यासारखे काही नसते. यंत्र नुसत्या अक्षरांवर चालत असेल तर या चौघांपैकी ते कोणाला पकडील, हे सांगण्यास पंडित नको. आणि पडद्यावरच्या या धुमश्चक्रीचे परिणाम पडद्यावरच राहतात असेही नाही. मे २०१५ मध्ये शिर्डीत एका दलित तरुणाचा खून झाला, आणि त्या प्रसंगाची सुरुवात त्याच्या खिशातील दूरध्वनीवर वाजलेल्या भीमगीतापासून झाली होती. त्या गीतात कोणाला शिवी नव्हती. एकाचा अभिमान हाच दुसऱ्याला अपमान वाटावा, इतकी या शब्दांची गणिते उलटी बसलेली आहेत.

जातीच्या बाहेरचेही एक उदाहरण येथे आवश्यक आहे. लक्ष्मी नारायण त्रिपाठी यांचे आत्मकथन २०१२ मध्ये ‘मी हिजडा, मी लक्ष्मी!’ या नावाने आले. दोन वर्षांनी, एप्रिल २०१४ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने नालसा खटल्यात तृतीयपंथीयांना स्वतःची लिंगओळख स्वतः ठरविण्याचा हक्क मान्य केला. सरकारी कागदावर ‘तृतीयपंथी’ हा शब्द रूढ झाला. तरी लक्ष्मी यांनी मुखपृष्ठावर सोज्वळ शब्द न घेता जुना, घराणे, गुरू आणि चेले यांची परंपरा सांगणारा शब्दच ठेवला. आमच्या राजकीय सभांमधून मात्र प्रतिपक्षाला भेकड म्हणावयाचे झाले की वक्ते अद्यापि तोच शब्द वापरतात, आणि पुढच्या रांगेतून हशाही पिकतो. त्या हशाने एकाच वेळी दोघांचा अपमान होतो. ज्याला उद्देशून बोलले जाते तो त्यातला कमी दुखावलेला.

हा सगळा गुंता ज्या कंपन्यांच्या हाती आज गेला आहे त्यांच्याकडे आता वळू. फेसबुक आणि इन्स्टाग्राम चालविणाऱ्या मेटाच्या नियमावलीत जात हे संरक्षित लक्षण आहे, आणि एरव्ही निषिद्ध असलेला शब्द कोणी स्वतःविषयी किंवा अभिमानाने वापरला तर त्याला मुभा आहे. मात्र हेतू स्पष्ट दिसला पाहिजे. कागदावर यात खोट काढता येणार नाही. अंमल कसा होतो ते २०२२ मध्ये बाहेर आले. स्त्रैण पुरुषांना हिणविण्यासाठी वापरले जाणारे अरबी शब्द चित्रांतून दाखवून, त्यांचे अर्थ सांगून, ते आता आम्ही आपलेसे करतो असे एका इन्स्टाग्राम खात्याने लिहिले होते. ते खाते अरबी समाजातील समलिंगींच्या कहाण्यांसाठीच काढलेले होते, आणि उद्देश मजकुरातच लिहिलेला होता. तरी तो मजकूर काढला गेला, परत लावला गेला, पुन्हा काढला गेला. अखेर मेटाच्या देखरेख मंडळाने तो काढणे चूक होते असा निर्णय दिला, आणि निषिद्ध शब्दांच्या याद्या कशा तयार होतात ते कंपनीने जाहीर करावे, तसेच तपासनिसांसाठीच्या अंतर्गत सूचना अरबीत भाषांतरित कराव्यात, अशा शिफारशी केल्या. ज्या भाषेतल्या शिव्या तपासावयाच्या त्या भाषेत तपासनिसाला सूचनाच नव्हत्या, हे वाचून आम्हां मराठी लोकांना आश्चर्य वाटू नये. इंग्रजी अमदानीत आमची जबानी आमच्या भाषेत घेऊन निकाल दुसऱ्या भाषेत लिहिण्याचा अनुभव आम्हांस आहे.

यंत्रापुढील खरी अडचण मात्र भाषेहून खोल आहे. कायदा बोलणाऱ्याची जात विचारू शकतो, कारण न्यायालयात दाखला हजर करता येतो. पडद्यावर बोलणाऱ्याचे नाव टोपण, चेहरा नटाचा, गाव अज्ञात. बाबुराव बागुलांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’ या कथेतल्या तरुणाला परक्या मुलखात मान मिळावा म्हणून जात लपवावी लागली होती आणि ती उघड होताच मार खावा लागला होता. आज पुष्कळजण त्याच कारणाने आडनाव गाळून लिहितात, आणि तो त्यांचा हक्क आहे. कंपनीने उद्या दाखला मागितला तर तो न देणेच योग्य ठरेल. म्हणजे बोलणारा कोण हे जाणल्याशिवाय शब्दाचा निवाडा होत नाही, आणि बोलणारा कोण हे विचारण्याचा अधिकार कंपनीला देता येत नाही. या पेचातून शब्दांची यादी कितीही लांबविली तरी सुटका नाही. संदर्भ वाचणारा माणूसच लागेल. संभाषण कोठून सुरू झाले, कोणी आधी हिणविले, उत्तर कोणाचे, खाली जमलेले लोक हसत आहेत की टाळ्या वाजवीत आहेत, एवढे पाहिले तर मराठी गावात वाढलेल्या कोणाही शहाण्या माणसाला बोलणारा कोणत्या बाजूने उभा आहे ते दहापैकी नऊ वेळा दाखल्यावाचून कळते.

तेव्हा मागणी अगदी साधी आहे. २०११ च्या जनगणनेत आठ कोटी तीस लाख लोकांनी मराठी ही आपली मातृभाषा सांगितली. एवढ्या लोकांच्या बोलण्यावर कात्री चालविणाऱ्या प्रत्येक कंपनीने, मराठीसाठीची निषिद्ध शब्दांची यादी कशी आणि कोणाला विचारून केली, मराठी वाचणारे किती तपासनीस तिच्या पदरी आहेत, आणि काढलेल्या मजकुराविषयीची तक्रार मराठीत लिहिली तर ती मराठी जाणणारा माणूस वाचतो की नाही, एवढ्या तीन गोष्टी दरसाल प्रसिद्ध कराव्यात. साहित्य संमेलनात दरवर्षी ठराव होतात आणि ते इतिवृत्तात सुखाने झोपतात. त्यांत या एका ठरावाची भर पडावयास हरकत नाही. ज्यांनी ते शब्द सोसले त्यांच्यापैकी कोणी तो मांडावा. अनुमोदनास मी हजर राहीन.